निगेटिव्ह चिठ्ठी आणि मोजायचे दिवस

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)





आरोग्य या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी संस्थेची इच्छा आहे. विषय फार मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतो. घरात, वर्गात किंवा कारखान्यात एखाद्याला श्वासावाटे पसरणारा आजार झाल्याचे आपल्याला कळते. आपण त्याच्या सहवासात होतो. आज आपल्याला काहीही होत नाही. अशा वेळी पुढचे काही दिवस आपण कसे वागावे? चाचणी केव्हा करावी, आणि चाचणीत काही निघाले नाही तर मोकळे फिरावे काय?

कोणी म्हणेल, कोरोना गेला, आता ही चर्चा कशाला? ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ज्या साथीला जागतिक महामारी म्हटले, तिच्याबाबतची आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठली, हे खरे आहे. परंतु आणीबाणी उठली म्हणजे विषाणू नाहीसा झाला असे नव्हे. शिवाय २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत आणि भिवंडी-मालेगावकडे गोवराने डोके वर काढले, ते आपण पाहिले. फ्ल्यू तर दरवर्षीचा पाहुणा आहे. साथ अंगावर आल्यावर माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाला हिशेब शिकवता येत नाही. तो शांतपणाच्या दिवसांतच शिकून ठेवावा लागतो.

हा हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा, रविवारी वलिम्याच्या जेवणाला तुम्ही एका दस्तरखानावर चार माणसांसह तासभर बसलात. मंगळवारी कळले की त्यांपैकी एकाला कोरोना झाला आहे. तुम्ही शहाण्या माणसासारखे त्याच दिवशी जाऊन नाकातला स्वॅब दिलात. बुधवारी चिठ्ठी आली : निगेटिव्ह. घरात सुटकेचा निःश्वास पडला. गुरुवारी तुम्ही कामावर गेलात, शुक्रवारी जुम्याच्या नमाजला पहिल्या सफीत उभे राहिलात, संध्याकाळी आजारी चाचांना भेटून आलात. शनिवारी तुम्हाला ताप भरला.

यात चिठ्ठी खोटी होती काय? नव्हती. प्रयोगशाळेने चूक केली काय? तीही नाही. चिठ्ठीने तुम्हाला एवढेच सांगितले होते की मंगळवारी दुपारी तुमच्या नाकात विषाणू सापडला नाही. गुरुवार-शुक्रवारविषयी ती काहीच बोलत नव्हती. आपणच ती तशी वाचली.

हे असे का होते, ते समजून घेऊ. विषाणू अंगात शिरतो त्या क्षणी माणूस आजारी पडत नाही. तो आधी पेशींमध्ये घुसतो, आपल्या नकला काढतो आणि त्यांची संख्या पुरेशी वाढल्यावर लक्षणे दिसतात. या मधल्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. कोरोनाच्या पहिल्या वर्षी तो साधारण ५ दिवसांचा होता. बहुतेकांना १२ दिवसांच्या आत लक्षणे दिसत. १४ दिवस पूर्ण झाल्यानंतर लक्षणे दिसणारी माणसे दर १० हजारांत सुमारे १०१ निघतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी १४ दिवस थांबायला सांगत ते या हिशेबावरून. पुढे ओमायक्रॉन आला तेव्हा हा काळ ३ दिवसांच्या आसपास आला आणि थांबण्याचे दिवसही कमी झाले. म्हणजे दिवसांचा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने ठरत नाही. तो विषाणूच्या चालीवरून ठरतो.

याहून कठीण गोष्ट अशी की, लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो. आपल्या उदाहरणातला माणूस शुक्रवारी ठणठणीत होता, आणि बहुधा त्याच दिवशी तो आजार वाटत होता. "मला काही होत नाही" हे वाक्य या आजारात पुरावा म्हणून चालत नाही.

आता चाचणीकडे वळू. आरटी-पीसीआर ही चाचणी विषाणूचा जनुकीय धागा शोधते. नाक-घशातून घेतलेल्या नमुन्यात तो धागा अगदी थोडा असला तरी यंत्रात त्याच्या प्रती काढल्या जातात : एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपले विद्यार्थी जाणतात. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे १०७ कोटींहून अधिक होतात. त्यामुळे ही चाचणी फार बारीक शोध घेऊ शकते. दुसरी ती अँटीजेन चाचणी. ती विषाणूवरील प्रथिने शोधते, पाऊण तासाच्या आत उत्तर देते आणि स्वस्त पडते. परंतु प्रती काढण्याची सोय तिच्यात नसल्यामुळे विषाणू भरपूर असला तरच तिला तो दिसतो. म्हणूनच २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने असे सांगितले होते की, लक्षणे असून अँटीजेन चाचणी निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करून खात्री करावी.

परंतु कितीही बारीक चाळणी घेतली तरी धान्यच आले नसेल तर चाळणीत काय पडणार? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली सात अभ्यासांतील आकडे एकत्र करून एक हिशेब मांडला. बाधा झाल्याच्या पहिल्या दिवशी आरटी-पीसीआर केली तर शंभरपैकी शंभर बाधित निसटतात. चौथ्या दिवशी केली तर ६७ निसटतात. पाचव्या दिवशी, म्हणजे सर्वसाधारणपणे लक्षणे दिसू लागतात त्या दिवशी, ३८ निसटतात. आठव्या दिवशी २० निसटतात, आणि त्यानंतर हा आकडा पुन्हा वाढू लागतो. ध्यानात घ्या, सर्वांत चांगल्या दिवशीही पाचातला एक निसटत होता. संपर्कातल्या माणसाची चाचणी पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करावी असा नियम त्या वर्षी आपल्या देशात झाला, तो यासाठीच. घाईने दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी पैसे घेऊन खोटा धीर देते.

याची दुसरी बाजूही आहे. आजार बरा झाल्यावर मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात आठवडेच्या आठवडे राहू शकतात, आणि आरटी-पीसीआर त्यांनाही पकडते. माणूस निर्धोक झालेला असतो, पण चिठ्ठी पॉझिटिव्ह येत राहते. त्यामुळे ८ मे २०२० रोजी केंद्र शासनाने सौम्य रुग्णांना घरी सोडताना पुन्हा चाचणी करण्याची अट काढून टाकली आणि लक्षणांपासून १० दिवस व शेवटचे ३ दिवस ताप नाही, एवढे पाहायला सांगितले. तरीही कित्येक ठिकाणी कामावर परत घेताना मालक निगेटिव्ह चिठ्ठीच मागत राहिले. दिवस मोजण्यापेक्षा कागद पाहणे सोपे वाटते, एवढाच याचा अर्थ.

तेव्हा चाचणी करू नये असे माझे म्हणणे नाही. पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवा आणि त्याप्रमाणे वागा. निगेटिव्ह आली तर तिच्यावरची तारीख वाचा, ती संपर्कापासून कितवा दिवस आहे ते बोटांवर मोजा, आणि राहिलेले दिवस पुरे करा. चाचणी दिवसांच्या मदतीला येते. ती दिवसांची जागा घेऊ शकत नाही.

आता दोन शब्दांचा घोळ सोडवू. आजारी माणसाला वेगळे ठेवणे हे विलगीकरण. जो आजारी नाही पण ज्याचा संपर्क आला आहे त्याला थांबवून ठेवणे हे क्वारंटाइन. पहिल्यात आपल्याला ठाऊक असते की आजार आहे. दुसऱ्यात आपण ते कळण्याची वाट पाहत असतो. वाट पाहणे हे अधिक कठीण काम आहे, कारण धडधाकट माणसाला बसवून ठेवायचे असते.

ही कल्पना नवी नाही. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या बंदराने, आजच्या डुब्रोवनिकने, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. पुढे हे दिवस ४० झाले आणि व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस' या शब्दावरून क्वारंटाइन हे नाव पडले. त्याच्याही फार पूर्वी, इ.स. ६३९ च्या सुमारास, खलिफा हजरत उमर शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे साथ असल्याचे कळले. साथीच्या गावात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळू नये, ही पैगंबरसाहेबांची शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी तिथे सांगितली, आणि काफिला मागे फिरला. या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. न जाणे सोपे असते. न पळणे अवघड. आपल्या पणजोबांच्या काळी मुंबईहून जहाजाने हजला निघालेल्यांना तांबड्या समुद्रातील कमरान बेटावर उतरून क्वारंटाइनमध्ये दिवस काढावे लागत. हा शब्द आपल्या घराण्यांना परका नाही.

मग प्रश्न असा की, एवढे जुने आणि एवढे सरळ शहाणपण लोक पाळत का नाहीत? अडाणीपणा हे त्याचे उत्तर आहे असे मला वाटत नाही. माझ्या मते त्याची कारणे दोन आहेत : भीती आणि भाकरी.

प्रथम भीती. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी घरात शिरून तपासण्या केल्या, माणसे छावण्यांत नेली, आणि त्या संतापाचा शेवट रँडच्या हत्येत झाला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. तपासणी म्हणजे बेअब्रू असे एकदा मनात बसले की लोक आजारी माणूस लपवतात. आणि लपवलेला आजारी घरातल्या प्रत्येकाला आजार देतो.

आपल्या काळातही थोडेफार तसेच घडले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी थांबायला सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. दुबई-कुवेतहून परतलेली आपली मुले ते शिक्के घेऊनच गावी आली. हेतू आठवण देण्याचा होता. पण बघणाऱ्यांनी तो गुन्हेगाराचा डाग मानला. त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीनमधील मेळाव्याची बातमी आली आणि आजारालाच एक धर्म चिकटवण्यात आला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्यासारखे दिसते असे मत नोंदवले. न्याय मिळाला हे चांगलेच झाले. परंतु मधल्या पाच महिन्यांचे काय? ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो माणूस चाचणीच्या रांगेत पुढे येत नाही. हे दुसऱ्यांना सांगण्याइतकेच आपण आपल्यालाही सांगितले पाहिजे, कारण मोहल्ल्यात एखाद्या घरी आजार निघाला की त्या घराकडे बोट दाखवणारे आपणही असतो.

दुसरी भाकरी. रोजंदारीवरच्या माणसाला "चौदा दिवस घरी बस" म्हणणे म्हणजे "चौदा दिवस उपाशी बस" म्हणणे होय. आणि घरी तरी कुठे बसणार? दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे असतील आणि संडास साऱ्या चाळीचा मिळून असेल, तर वेगळी खोली आणायची कुठून?

या दोन्ही गोष्टींचे उत्तर धारावीत मिळाले. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा पुष्कळांनी आशा सोडली होती. महापालिकेने घरोघर जाऊन ताप पाहिला, संपर्कातील माणसांना शाळा आणि क्रीडासंकुलांत नेऊन ठेवले, तिथे फुकट जेवण व औषधपाणी दिले. रमजानमध्ये रोजेदारांना सहरी-इफ्तारीच्या वेळा सांभाळून अन्न आणि खजूर मिळत. हळूहळू लोक आपणहून येऊ लागले. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव जगापुढे घेतले. १८९८ साली ज्या शहरात तपासणीवरून दंगल झाली, त्याच शहरात १२२ वर्षांनी माणसे स्वतः चालत क्वारंटाइनमध्ये गेली. मानाने नेले, पोटभर घातले, म्हणून गेली. पुण्यात आझम कॅम्पसमधील मशिदीची जागा क्वारंटाइनसाठी देऊ करण्यात आली, तीही याच समजुतीने.

आता शाळेकडे येतो. प्रत्येक आजाराचा हिशेब वेगळा असतो, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे. फ्ल्यूचा अधिशयन काळ १ ते ४ दिवसांचा. गोवराचे मात्र तसे नाही. संपर्कापासून पुरळ दिसेपर्यंत सुमारे १४ दिवस जातात, कधी २१ सुद्धा. पुरळ दिसण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत मूल गोवर पसरवते. लस न घेतलेली दहा मुले त्याच्या सहवासात आली तर नऊंना गोवर होतो. मूल वर्गातून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू टिकू शकतो. परंतु इथे आपल्या हाती एक गोष्ट आहे : लस न घेतलेल्या मुलाला संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. वर्गात गोवर निघाल्याची बातमी शाळेने दोन दिवस दाबून ठेवली, तर ते ७२ तास हातचे गेले. म्हणून बातमी त्याच दिवशी सरकारी दवाखान्याला कळवावी आणि कोणत्या मुलांची लस राहिली आहे याची यादी आधीच तयार ठेवावी.

याच व्यासपीठावरून संस्थेला माझी एक विनंती आहे. ती थोडी कडू लागेल. आपण दरवर्षी शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देतो. हेतू उत्तम आहे. आपल्या समाजात मुलांची गळती मोठी आहे आणि मूल रोज शाळेत यावे यासाठी संस्थेने फार कष्ट घेतले आहेत. परंतु ताप असताना, घरात गोवर असताना, बक्षीस जाईल म्हणून एखादे मूल वर्गात येऊन बसत असेल, तर ते बक्षीस आपण कशाचे देतो आहोत? आजारपणात किंवा संपर्कामुळे घरी राहिलेले दिवस गैरहजेरीत धरू नयेत, एवढा ठराव संस्थेने करावा. त्या दिवसांचा अभ्यास मुलाच्या घरी पोहोचवावा. चाचणी परीक्षा बुडाली तर पुन्हा घ्यावी. परतताना निगेटिव्ह चिठ्ठी मागू नये. दिवस पुरे झाले आणि ताप नाही, एवढे पाहावे. शिक्षक आणि शिपाई यांच्या रजेलाही हाच नियम असावा.

गावच्या जमातींनाही माझे सांगणे आहे. साथ आली की ज्या घराला थांबायला सांगितले त्या घराचे रेशन, दूध आणि औषध पोहोचवण्याची जबाबदारी जमातीने घ्यावी आणि ते न बोलता करावे. नावांचा गाजावाजा होऊ नये. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्यासाठी शाळेची एखादी हवेशीर खोली आधीच ठरवून ठेवावी. घरीच थांबायचे असेल तर खिडकी उघडी ठेवावी, तोंडाला मास्क असावा, जेवण वेगळे बसून करावे, आणि वृद्ध आजी-आजोबा, मधुमेही, दमेकरी यांच्यापासून लांब राहावे. भेटीला जाणे ही आपली रीत आहे. त्या दिवसांत ती दाराबाहेरून किंवा फोनवरून पाळली तरी प्रेम कमी होत नाही.

विद्यार्थी मित्रहो, या साऱ्यात अवघड गणित एकही नाही. संपर्काचा दिवस शून्य धरायचा, आणि पुढे मोजत जायचे. पहिलीतले मूलसुद्धा हे करू शकेल. मोजणे सोपे आहे. मोजून होईपर्यंत थांबणे कठीण आहे, आणि थांबणाऱ्याला आधार देणे हे आपणा बाकीच्यांचे काम आहे. एका माणसाने घरी बसून काढलेल्या त्या दिवसांमुळे कोणाची म्हातारी आई वाचली, हे त्याला कधी कळत नाही आणि त्या आईलाही कळत नाही. अशी नेकी करायला मन मोठे लागते. ते मन घडवणे हे शिक्षणसंस्थेचेच काम आहे, आणि आपली संस्था ते करील असा मला विश्वास आहे.